अंथरूण पाहून मॉड्यूल घ्यावं

दिल्लीहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा मुलगा दिल्ली विद्यापीठात शिकतो आणि हिंदूराव भागात खोली घेऊन राहतो. (दिल्लीत हे नाव घेतलं की सगळ्यांना रुग्णालय आठवतं. ज्यांच्या हवेलीमुळे ते नाव पडलं ते हिंदूराव मात्र आपल्या कागलच्या घाटग्यांपैकी, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ!) या मुलाला मॉड्युलर सिंथेसायझरचा नाद लागला आहे. एक रॅक आणि चार मॉड्यूल त्याने घेतली आहेत, आता पाचव्यासाठी पैसे हवेत. रॅकमध्ये अजून बरीच जागा रिकामी आहे, तेव्हा पाचवं बसणारच, असं तो म्हणतो. ताई विचारतात, जागा आहे म्हणजे बसेल, हे खरं का? आणि हे प्रकरण नेमकं थांबतं कुठे?

प्रश्न फार नेमका आहे. उत्तर असं की जागा हे तीन हिशेबांपैकी एकच झालं. दुसरा हिशेब विजेचा आणि तिसरा कामाच्या वाटणीचा. जागा डोळ्यांना दिसते, बाकीचे दोन दिसत नाहीत, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक या न दिसणाऱ्या दोन हिशेबांत. तुमच्या घरात कुणी या छंदाकडे वळलं असेल, किंवा तुम्ही स्वतःच वळत असाल, तर आजचा लेख जपून ठेवा.

हे वाद्य वेगळं कसं?

दुकानात मिळणाऱ्या कीबोर्डमध्ये सगळं आधीच ठरलेलं असतं. नाद कुठून निघणार, तो कसा घडणार, त्यासाठी किती वीज लागणार, हा सगळा विचार कंपनीने केलेला असतो. 1982 साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी दहा रागांची जी प्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड काढली, ती अशाच तयार यंत्रांवर. रोलँड कंपनीची तीन यंत्रं, प्रत्येकाची वायर आणि प्रत्येकाचं गणित वेगळं.

मॉड्युलरमध्ये हे गणित तुमच्याकडे येतं. नाद काढणारा एक तुकडा, तो गाळणारा दुसरा, लहानमोठा करणारा तिसरा. असे सुटे तुकडे एका चौकटीत शेजारी शेजारी बसवायचे आणि छोट्या वायरींनी एकमेकांना जोडायचे. तुकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी चालतात. म्हणजे वाद्य वाजवण्याआधी ते जुळवणारे कारागीरही तुम्हीच.

आपल्या देशाला हे वाद्य नवं नाही. 1969 साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग कंपनीच्या मॉड्युलर सिंथेसायझरभोवती एक स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी तिथे रचना केल्या. टेपवर पडून राहिलेलं हे काम 2023 मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या रूपात लोकांसमोर आलं. जरूर ऐका. एकाच यंत्रातून किती वेगवेगळी माणसं किती वेगवेगळं काही काढू शकतात, हे त्यातून कळतं.

आज घरोघरी दिसतो तो प्रकार म्हणजे युरोरॅक. जर्मनीच्या डिटर डोप्फर यांनी 1990च्या दशकाच्या मध्यात तो रुळवला. उंची ठरलेली, 128.5 मिलिमीटर. रुंदी मोजायची ती एचपी नावाच्या मापात, आणि एक एचपी म्हणजे 5.08 मिलिमीटर. सर्वसाधारण एका ओळीच्या रॅकमध्ये 84 एचपी, म्हणजे जवळजवळ 43 सेंटिमीटर जागा असते. खोलीसुद्धा तपासा. काही रॅक उथळ असतात आणि मॉड्यूलमागची वायर धरली तर जाड मॉड्यूल त्यात बसत नाही.

विजेच्या तीन वाटा

युरोरॅकमधल्या पॉवर सप्लायकडून तीन वेगवेगळे पुरवठे मिळतात. अधिक 12 व्होल्ट, उणे 12 व्होल्ट आणि काही ठिकाणी अधिक 5 व्होल्ट. उणे व्होल्ट ऐकून दचकू नका. नादाची लाट शून्याच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे हलते, म्हणून दोन्ही बाजूंची वीज लागते.

प्रत्येक मॉड्यूलच्या माहितीपत्रकात ते कोणत्या वाटेवरून किती मिलिअँपिअर ओढतं हे लिहिलेलं असतं. पॉवर सप्लायवरही प्रत्येक वाट किती देऊ शकते ते लिहिलेलं असतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिन्ही वाटांचा हिशेब वेगवेगळा मांडायचा, एकत्र बेरीज करायची नाही. अधिक 12 वर भरपूर शिल्लक असली तरी ती उणे 12 च्या उपयोगाची नाही. किराण्याच्या डब्यात साखर उरली म्हणून मिठाची गरज भागत नाही, तसंच.

डिजिटल मॉड्यूल, म्हणजे पडदा किंवा खूप दिवे असलेली, बहुधा अधिक 12 वर जास्त भार टाकतात. शिवाय बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी काही मॉड्यूल नेहमीपेक्षा जास्त वीज मागतात. म्हणून सप्लायच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा. उरलेले 30 टक्के म्हणजे घरखर्चातली गंगाजळी. ती असली की सप्लाय तापत नाही, जास्त दिवस टिकतो आणि पुढे एखादं छोटं मॉड्यूल सहज सामावतं.

वीज डळमळली की सूर डळमळतो

हा हिशेब संगीतासाठीच का महत्त्वाचा, हे गाण्याचा कान असलेल्या घराला लगेच पटेल. युरोरॅकमध्ये सूर व्होल्टेजने ठरतो. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. सप्तकात 1200 सेंट, म्हणजे एका सेंटला साधारण 0.83 मिलिव्होल्ट.

आता तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार आठवा आणि हार्मोनियमचा गंधार आठवा. हार्मोनियमचा गंधार सुमारे 14 सेंट चढा असतो. त्या 14 सेंटांचं व्होल्टेज होतं सुमारे 12 मिलिव्होल्ट. टॉर्चच्या एका सेलचे 1500 मिलिव्होल्ट असतात, त्यापुढे हे काहीच नाही. पण कान तो फरक पकडतो.

समजा, रॅकमधल्या अनेक मॉड्यूलांचा परतीचा प्रवाह एकाच बारीक वायरमधून जातो आहे आणि तिचा रोध आहे 0.1 ओहम. एखाद्या मॉड्यूलचे दिवे लागताना 100 मिलिअँपिअर जास्त ओढले गेले, तर त्या वायरवर 10 मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो फरक सुराच्या व्होल्टेजमध्ये मिसळला तर सूर 12 सेंटांनी हलतो. दिवा लुकलुकला की गंधार लुकलुकतो! अशा वेळी मुलं नवा ऑसिलेटर मागतात. खरं तर हवा असतो चांगला सप्लाय, किंवा जाड पट्ट्यांचा बसबोर्ड. बसबोर्ड म्हणजे मॉड्यूलांना वीज वाटणारी मागची पट्टी.

घोंघाटाचंही तसंच. आपल्या घरची वीज 50 हर्ट्झची. तिचं डीसी करताना नीट गाळणी झाली नाही तर 100 हर्ट्झची घरघर मागे राहते. हा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर येतो. तुमचा षड्ज दुसऱ्या पट्टीत असेल तर ही न बोलावलेली साथ नकोशी होते.

एक नमुना हिशेब

वही घ्या, किंवा फोनवर तक्ता उघडा. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमच्या मॉड्यूलच्या माहितीपत्रकातले घाला. क्रम असा: मॉड्यूल, जागा, अधिक 12 वरचा भार, उणे 12 वरचा भार.

• दोन ऑसिलेटर मिळून: 24 एचपी, 160, 80
• फिल्टर: 8 एचपी, 50, 45
• एन्व्हलप: 8 एचपी, 40, 20
• दुहेरी व्हीसीए: 8 एचपी, 40, 35
• एलएफओ: 6 एचपी, 30, 20
• मिक्सर: 6 एचपी, 25, 25
• सिक्वेन्सर: 16 एचपी, 150, 20
• अटेन्युएटर: 4 एचपी, 20, 20
• आउटपुट: 4 एचपी, 30, 30

बेरीज केली तर जागा बरोबर 84 एचपी, अधिक 12 वर 545 मिलिअँपिअर, उणे 12 वर 295 मिलिअँपिअर. 70 टक्क्यांच्या नियमाने अधिक 12 साठी साधारण 780 आणि उणे 12 साठी साधारण 420 मिलिअँपिअर क्षमता हवी. म्हणजे 1000 आणि 500 मिलिअँपिअरचा सप्लाय इथे छान पुरतो.

आता समजा, रॅक एका ओळीऐवजी दोन ओळींचा आहे, सप्लाय मात्र हाच, आणि 200 मिलिअँपिअर ओढणारं एक इफेक्ट मॉड्यूल आणलं. वरची अख्खी ओळ रिकामी आहे, त्यामुळे जागेचा प्रश्नच नाही. पण अधिक 12 वरचा भार झाला 745, आणि त्यासाठी सुमारे 1065 मिलिअँपिअरचा सप्लाय हवा. आपला आहे 1000 चा. यंत्र कदाचित चालू होईल, पण गंगाजळीला हात लागला. त्यानंतर आणखी एक आणलं की एखाद्या दिवशी दिवे अर्धवट लागतील, एखादं मॉड्यूल सुरूच होणार नाही, सप्लाय तापेल. दिल्लीच्या मे महिन्यात तर आधीच. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. जागा आहे म्हणजे बसेल, पण चालेलच असं नाही.

विजेच्या बिलाची मात्र काळजी नको. 545 आणि 295 मिलिअँपिअर, दोन्ही 12 व्होल्टवर, म्हणजे सगळे मिळून 10 वॉट. सप्लायमधली गळती धरून भिंतीच्या प्लगमधून 15 वॉट जातात असं समजू. रोज तीन तास वाजवलं तरी महिन्याला दीड युनिटच्या आत.

घरातल्या प्लगपासून मॉड्यूलपर्यंत

थोडी सावधगिरी, आणि ती सगळ्यांसाठी.

घरात लहान मुलं असतील किंवा हा पहिलाच रॅक असेल, तर बाहेर ॲडॉप्टर असलेला सप्लाय निवडा. मग 230 व्होल्ट रॅकच्या आत येतच नाहीत. उघड्या सप्लायचं किट घरी जोडणं हे इलेक्ट्रॉनिक्सचा हात असलेल्या माणसाचं काम आहे, व्हिडिओ बघून करायचं नाही.

परदेशातून सप्लाय मागवत असाल तर त्यावर 100 ते 240 व्होल्ट असं लिहिलेलं आहे का ते पाहा. नुसतं 110 किंवा 120 असेल तर आपल्याकडे तो थेट लावायचा नाही.

तीन पिनांचा प्लग असेल तर अर्थिंगची पिन कधीही काढू नका. जुन्या इमारतीत भाड्याने राहत असाल तर वायरमनला बोलावून अर्थिंग एकदा तपासून घ्या. इन्व्हर्टरवर वाजवायचं असेल तर साइन वेव्ह प्रकारचा इन्व्हर्टर बरा, स्क्वेअर वेव्हवर गुणगुण वाढू शकते.

मॉड्यूल काढता-घालताना सप्लाय बंद करा आणि भिंतीचा प्लगही काढा. मागची चपटी रिबन केबल जोडताना तिच्या कडेची लाल रेघ बघा. इथे बहुतेकांची गफलत होते, कारण आपल्या डोक्यात लाल म्हणजे अधिक असं पक्कं बसलेलं आहे. युरोरॅकमध्ये लाल रेघ उणे 12 च्या बाजूला असते. केबल उलटी लागली तर महागडं मॉड्यूल क्षणात जळू शकतं. बोर्डावरची खूण आणि माहितीपत्रक दोन्ही पाहा, मग दुसऱ्या कुणाला तरी पाहायला सांगा, आणि मगच बटण दाबा. चार डोळे दोनापेक्षा बरे.

रॅकमधून निघणारा आवाज साधारण 10 व्होल्टच्या झोक्याचा असतो, घरच्या ऑडिओ यंत्रांना लागतो त्याच्या कितीतरी पट मोठा. म्हणून हेडफोन किंवा ॲम्प्लिफायर लावण्याआधी आउटपुट मॉड्यूल हवंच. कान आणि स्पीकर दोन्ही वाचतात.

पाच पेटीवाले आणि एकच टाळकरी

आता तिसरा हिशेब, कामाच्या वाटणीचा. एखाद्या भजनी मंडळात पाच पेटीवाले, एक टाळकरी आणि पखवाजाला कुणीच नाही, असं झालं तर भजन रंगेल का? मॉड्युलरच्या पहिल्या वर्षी बहुतेकांचं असंच होतं. नाद काढणारी मॉड्यूल आकर्षक असतात, सगळे व्हिडिओ त्यांचेच असतात, म्हणून तीच विकत घेतली जातात.

चार कामं लक्षात ठेवा.

पहिलं, नाद काढणारे: ऑसिलेटर, नॉइज.

दुसरं, नाद घडवणारे: फिल्टर आणि व्हीसीए. व्हीसीए म्हणजे व्होल्टेजने उघडझाप होणारा आवाजाचा नळ. तो नसेल तर नाद सुरू झाला की सुरूच राहतो, स्वराला आरंभ आणि शेवट येत नाही.

तिसरं, हलवणारे: एन्व्हलप, एलएफओ, सिक्वेन्सर. यांचा स्वतःचा आवाज नसतो. नळ कधी आणि किती उघडायचा, हे हे सांगतात.

चौथं, जोडणारे: मिक्सर, अटेन्युएटर, मल्टिपल, आउटपुट. हे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कमी वीज ओढणारे आणि सगळ्यात दुर्लक्षित. अटेन्युएटर म्हणजे एखाद्या व्होल्टेजचा जोर कमी करणारी चावी. ती नसली की एलएफओ सुराला हलका आंदोलित करण्याऐवजी थेट सायरन करून टाकतो. मल्टिपलने एका व्होल्टेजच्या दोन-तीन प्रती मिळतात. सुराच्या व्होल्टेजच्या प्रती काढायच्या असतील तर बफर्ड मल्टिपल घ्या, नाहीतर भार वाढून सूर उतरतो.

नवं नाद काढणारं मॉड्यूल घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. याला घडवणार कोण? हलवणार कोण? आणि हे बाहेर पडणार कुठून? एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर आधी ती उणीव भरा. माझ्या मते एका ऑसिलेटरमागे निदान एक व्हीसीए आणि एक अटेन्युएटर, ही सुरुवातीची बरी जोडणी आहे. व्हीसीए जास्त झाले अशी तक्रार या छंदात सहसा कुणी करत नाही.

थोडक्यात किती होतं, ते पाहा. वरच्या नमुन्यातला एक ऑसिलेटर षड्जावर लावा, दुसरा पंचमावर, म्हणजे साधारण 585 मिलिव्होल्ट वर. दोन्ही मिक्सरमध्ये घाला, तिथून फिल्टरमध्ये. एलएफओ अगदी सावकाश ठेवून अटेन्युएटरमधून फिल्टरकडे पाठवा. व्हीसीए अर्धा उघडा ठेवा. तंबोरा नाही, पण तंबोऱ्याच्या गोतावळ्यातलं काहीतरी गुंजायला लागतं, आणि त्यावर घरातलं कुणीही गुणगुणू शकतं. आजीसुद्धा.

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत?

एक. आधी फुकट शिका. व्हीसीव्ही रॅक हा प्रोग्राम संगणकावर मोफत चालतो. स्वतःला 84 एचपीची मर्यादा घालून महिनाभर त्यावर वाजवा. जे मॉड्यूल रोज वापरलं तेच विकतच्या यादीत घ्या.

दोन. यादी मॉड्युलरग्रिड या संकेतस्थळावर मांडा. जागा आणि तिन्ही वाटांची बेरीज ते करून देतं. तरी माहितीपत्रकाशी एकदा पडताळून पाहा.

तीन. पहिला मोठा खर्च सप्लाय आणि रॅकवर करा. मॉड्यूल बदलत राहतात, सप्लाय वर्षानुवर्षं राहतो. आजच्या यादीसाठी नको, दोन वर्षांनंतरच्या यादीसाठी घ्या.

चार. बाहेरून मागवताना सीमाशुल्क आणि पाठवणीचा खर्च आधी विचारा, खरेदी त्याच्यासकट ठरवा.

पाच. मल्टिमीटर, रिबन केबल, कनेक्टर, स्क्रू यांसाठी परदेशात जायची गरज नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचं लाजपतराय मार्केट, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ. भाव करायलाही मजा येते.

सहा. प्रत्येक नव्या मॉड्यूलनंतर तक्ता बदला आणि त्याची प्रिंट रॅकच्या मागे चिकटवा. सहा महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही.

राहिला ताईंचा दुसरा प्रश्न, हे थांबतं कुठे? दुकानदार थांबवणार नाही आणि व्हिडिओ तर नाहीच नाही. थांबवतो तो तक्ता. पुढच्या मॉड्यूलसाठी पैसे मागताना मुलाने तीन आकडे आणि एक वाक्य दाखवावं, असा घरचा नियम करा. किती एचपी उरले, अधिक 12 वर किती उरले, उणे 12 वर किती उरले, आणि हे मॉड्यूल चारपैकी कोणतं काम करणार. हे त्याला सांगता आलं तर पैसे द्यायला हरकत नाही. नाही सांगता आलं, तर असलेल्या चार मॉड्यूलांच्या वायरी आणखी एक महिना वेगवेगळ्या जोडून पाहू दे. त्यातून नवे आवाज निघतील, आणि त्यासाठी एक पैसाही लागणार नाही.